दुधाच्या कॅनमधलं दफ्तर



गेले काही आठवडे आपण कर्जाची परतफेड, भाजीपाल्याचे वाफे, बँकेची कागदपत्रं असंच बोलत आलो. आजचा विषय लांबचा आहे. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना एक माहितीपट कसा दाखवायचा, त्याबद्दल बोलायचं आहे. माहितीपट म्हणजे खरी माणसं, खरे कागद, खरे फोटो घेऊन केलेला सिनेमा. आणि तो आहे युरोपातला, ऐंशी वर्षांमागचा. हिटलरच्या राज्यात ज्यू लोकांचा संहार झाला, त्याला होलोकॉस्ट म्हणतात. त्या संहाराला ज्यू लोकांनी स्वतः कसा विरोध केला, ते सांगणारा.

तुम्ही म्हणाल, हे आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कुठून आलं? तर आलं मोबाइलमधून. नववी-दहावीतली आपली पोरं हिटलरचे व्हिडिओ बघतात. मागे गाणं, पुढे भाषण, टाळ्या वाजवणारी गर्दी. मग घरात सहज बोलून जातात, "आपल्याकडे असाच कडक माणूस पाहिजे." काही आयांनी बैठकीत हे सांगितलं तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या, म्हणजे हे घरोघरी आहे. जी मुलं थोडं वाचतात, ती वेगळंच विचारतात. साठ लाख माणसं मारली म्हणता, मग ती माणसं लढली का नाहीत? गुपचूप गेली कशी?

पहिल्या मुलाला हिटलर माहीत नाही आणि दुसऱ्याला ज्यू माहीत नाहीत. म्हणून आम्ही या दोन्ही मुलांसाठी एकच माहितीपट निवडला.

आधी ज्यू म्हणजे कोण ते पाहू. आपल्या रायगडातल्या जुन्या बायांना हे परकं नाही. शनिवार तेली म्हटलं की त्यांना लगेच आठवतं. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी घाणा बंद, चूलही बंद. हे आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. ते मराठी बोलायचे, मराठीत कीर्तनं करायचे. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं प्रार्थनामंदिर आजही उभं आहे. 1948 नंतर त्यांच्यातले पुष्कळ लोक इस्रायलला गेले. आपल्याकडच्या ज्यूंना त्यांच्या धर्मासाठी कुणी त्रास दिला नाही, ही आपल्या मातीची चांगली गोष्ट आहे. मुलांना सिनेमा दाखवण्याआधी हे सांगावं. नाहीतर पडद्यावरची माणसं त्यांना कुठली तरी टोपीवाली, दाढीवाली परदेशी माणसं वाटतात. शनिवार पाळणारे आपल्या आळीतले शेजारी म्हटलं की मुलं सरसावून बसतात.

आता युरोपात काय झालं ते थोडक्यात सांगतो. हिटलर 1933 च्या जानेवारीत जर्मनीत सत्तेवर आला. दोन वर्षांत कायदा करून ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पोलंडमध्ये तेव्हा तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. वॉर्सा ही पोलंडची राजधानी. तिथल्या ज्यूंना शहराच्या एका भागात कोंडलं, भोवती भिंत बांधली, आणि नोव्हेंबर 1940 मध्ये दारं बंद केली. या कोंडवाड्याला घेट्टो म्हणतात. चार लाखांवर माणसं साडेतीन चौरस किलोमीटरच्याही आत. एकेका खोलीत सात-आठ जण. रेशनवर मिळायचं त्यात माणूस जगूच शकत नव्हता. 1942 च्या मध्यापर्यंत तिथे उपासमारीने आणि रोगांनी ऐंशी हजारांवर माणसं मेली. हे गोळीबाराशिवायचे मृत्यू बरं का.

मग 22 जुलै 1942 पासून माणसं न्यायला सुरुवात झाली. पूर्वेला कामाला नेतो, असं सांगत होते. गाड्या जात होत्या ट्रेब्लिंकाला, तिथे विषारी वायूने मारायची सोय केलेली होती. दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं वॉर्सामधून गेली.

आता "लढली का नाहीत" या प्रश्नाकडे येऊ. मुलांना इथे एकच गोष्ट सांगायची, पाव आणि जाम. गाड्या भरायला माणसं कमी पडू लागली तेव्हा जर्मनांनी जाहीर केलं, जो आपणहून स्टेशनवर येईल त्याला तीन किलो पाव आणि एक किलो जाम मिळेल. दोन वर्षं पोटभर न खाल्लेली माणसं. घरात पोर भुकेने रडतंय. मनात विचार येतो, मारायचंच असतं तर खायला कशाला दिलं असतं? आणि माणसं गेली. ज्या बाईने पोराला उपाशी झोपवलं आहे, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. मुलांना मात्र सांगावं लागतं, कारण त्यांना वाटतं की शत्रू समोर बंदूक घेऊनच येतो.

आणखी एक गोष्ट. एकाने जर्मन शिपायावर हात उचलला तर बदल्यात आळीतली पन्नास-शंभर माणसं मारायची, ही तिथली रीत. म्हणजे लढायचं ठरवणाऱ्याने फक्त स्वतःचा नाही, शेजारणीच्या पोराचाही जीव पणाला लावायचा. आणि ज्याच्या मनात अजूनही शंका असेल त्याला रशियाच्या सैनिकांबद्दल विचारावं. हिटलरच्या कैदेत तीस लाखांहून जास्त रशियन युद्धकैदी मेले. ते तरणेताठे होते, बंदूक चालवायला शिकलेले होते. ते लढले का नाहीत, असं कुणी विचारत नाही. मग हा प्रश्न म्हाताऱ्यांना, बायकांना, लेकुरवाळ्यांनाच का विचारायचा?

हे बोलताना आमच्यातल्या काही जणींना दुसरंच आठवलं, तेही सांगून टाकतो. सासरी मार खाणाऱ्या बाईला गाव हेच विचारतं. "इतकी वर्षं गप्प का बसलीस?" हात उगारणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, तुलना करायची नाही. पण प्रश्न कुणाला विचारला जातो, ते बघायची सवय मुलांना लागायला हवी.

आता माहितीपटाकडे येऊ. त्याचं नाव 'हू विल राइट अवर हिस्टरी', म्हणजे 'आपला इतिहास कोण लिहिणार'. रॉबर्टा ग्रॉसमन या दिग्दर्शिकेने तो 2018 साली केला. इतिहासाचे प्राध्यापक सॅम्युएल कॅसो यांच्या पुस्तकावरून तो घेतला आहे. लांबी दीड तासाच्या आसपास.

यातला मुख्य माणूस एमॅन्युएल रिंगेलब्लुम. इतिहासाचा अभ्यासक, शाळेत शिकवणारा, वय चाळीस. घेट्टोमध्ये तो मदतकार्यात होता. त्या मदत संघटनेला तिथल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेत आलेनहिल्फ म्हणायचे. या शब्दाचा अर्थ काय, माहीत आहे? स्वयंसहाय्य! आपल्या गटाच्या पाटीवर लिहिलेलं असतं, तेच. प्रत्येक चाळीत रहिवाशांची समिती होती, अशा हजाराहून जास्त समित्या. घरोघर वर्गणी काढायची, आजाऱ्याला औषध, अनाथ पोराला ताटभर जेवण, चोरून शाळा भरवायची. शाळा भरवायला बंदी होती, म्हणून कुणाच्या तरी खोलीत पाच-सहा मुलं जमायची. पुढे पुढे पुरुष थकले, काही पकडले गेले, आणि या समित्यांचं काम बायकांनी खांद्यावर घेतलं. रिंगेलब्लुमने हे मुद्दाम लिहून ठेवलं आहे.

त्याने आणखी एक काम उभं केलं, गुप्तपणे. पन्नास-साठ लोकांचा गट जमवला. शनिवारी भेटायचे म्हणून गटाचं नाव ओयनेग शाबेस, म्हणजे शनिवारचा आनंद. शिक्षक, लेखक, रब्बी म्हणजे त्यांचे धर्मगुरू, व्यापारी, कामगार, असे सगळ्या थरांतले लोक. काम एकच, घेट्टोचं दफ्तर लिहायचं. आपण मासिक बैठकीचं इतिवृत्त लिहायला कंटाळतो. "नंतर लिहू गं" म्हणून सही करून मोकळ्या होतो. ही माणसं उपाशीपोटी, दाराशी शिपाई असताना, लिहीत होती. बाजारात पावाचा भाव काय. भिंतीच्या भोकातून धान्य कोण आणतं. मुलांचे निबंध. रेशनकार्डं, नाटकाची जाहिरात, गोळीवरचा कागद, ट्रामचं तिकीट. एका दाराशी कुठल्या कुटुंबासाठी किती वेळा घंटा वाजवायची, त्याची चिठ्ठीसुद्धा त्यात आहे, कारण एकेका घरात इतकी कुटुंबं कोंबली होती.

त्सेत्सिलिया स्लापाकोव्हा नावाची एक बाई होती. रिंगेलब्लुमने तिला सांगितलं, तू बायकांशी बोल. ती घेट्टोतल्या बायकांकडे गेली आणि त्या कशा जगतात ते विचारून लिहिलं. कुणी जुने कपडे विकते, कुणी सूप केंद्रात राबते, कुणी भिंतीपलीकडून बटाटे आणते, आणि कुणी काय काय सोसून घर चालवते. वर्ष 1942. पुढे तिलाही ट्रेब्लिंकाला नेलं. तिने लिहिलेलं राहिलं.

राखेल आउअरबाखचं सांगायलाच हवं. लेखिका, तिच्याकडे एक सूप केंद्र सोपवलेलं. रोज शेकडो माणसं वाडगं घेऊन यायची. तिने जे लिहिलं आहे ते वाचताना अंगावर येतं, कारण ती स्वतःची फुशारकी मारत नाही. ती लिहिते की या सूपने कुणी वाचलं नाही, माणसं फक्त जरा हळू मेली. तरी ती रोज चूल पेटवत राहिली, आणि कोण कोण येऊन गेलं ते लिहीत राहिली. माहितीपट बराचसा हिच्या डोळ्यांनी पुढे जातो. आमच्या गटांतून शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाया पडद्यासमोर बसल्या होत्या. ते सूप केंद्र पडद्यावर आलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या.

या गटाचं आणखी एक काम आपल्या रेडिओशी जोडलेलं आहे. 1942 च्या जानेवारीत हेल्मनो नावाच्या ठिकाणाहून एक माणूस पळून आला. तिथे ज्यूंना बंद गाड्यांत कोंडून विषारी धुराने मारत होते आणि त्याला प्रेतं पुरायला लावलं होतं. गटाने त्याची हकीगत शब्द न् शब्द लिहून घेतली. पुढे त्यांनी जमवलेली माहिती चोरवाटेने लंडनला पोचली. त्या वर्षीच्या जूनमध्ये बीबीसीवरून पोलंडमधल्या ज्यूंच्या हत्याकांडाची बातमी सांगितली गेली. घेट्टोत रेडिओ बाळगणाऱ्याला मरणाची शिक्षा होती, तरी बातमी आत पोचली. रिंगेलब्लुमने त्या दिवशी मोठ्या समाधानाने लिहून ठेवलं की आपलं काम वाया गेलं नाही.

पण जगाला कळलं म्हणून गाड्या थांबल्या नाहीत. हे मुलांपासून लपवू नये.

गाड्या सुरू झाल्यावर गटाने दफ्तर पुरायचं ठरवलं. इस्राएल लिश्टेनश्टाइन नावाचे एक शिक्षक आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांनी दहा पत्र्याच्या पेट्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या. या शिक्षकांची बायको गेला सेक्श्टाइन चित्रकार होती, मुलांना चित्रकला शिकवायची. तिची चित्रंही पेटीत ठेवली. त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. आपली बायको आणि आपली लेक लोकांच्या लक्षात राहावी, एवढीच इच्छा त्या शिक्षकांनी शेवटच्या कागदात लिहून पेटीत टाकली. तिघांपैकी कुणी वाचलं नाही. मुलीचं नाव मार्गोलित. आमच्या कार्यक्रमात मुलांनी ते फळ्यावर लिहिलं.

फेब्रुवारी 1943 मध्ये आणखी कागद पुरले. या वेळी दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये. आपण डेअरीला दूध घालतो तसले, पत्र्याचे, घट्ट झाकणाचे. पुढे गटातली जवळजवळ सगळी माणसं मारली गेली. रिंगेलब्लुम, त्याची बायको आणि मुलगा एका तळघरात लपले होते. मार्च 1944 मध्ये ते सापडले आणि मारले गेले, त्यांना आसरा देणारा पोलिश माणूसही. त्या पन्नास-साठांतून युद्धानंतर तिघंच उरली, राखेल, हेर्श वासर आणि त्याची बायको ब्लुमा. दफ्तर कुठे पुरलंय ते वासरला माहीत होतं. पण जागा ओळखायची कशी? घेट्टो जाळून, पाडून सपाट केलेला, नुसते विटांचे ढीग. राखेल लोकांच्या मागे लागली, सभांमधून विनवलं, खणा म्हणाली. सप्टेंबर 1946 मध्ये पेट्या सापडल्या, आत पाणी शिरलेलं. कॅन सापडले डिसेंबर 1950 मध्ये, बांधकामावरच्या मजुरांना, अवचित. कॅनमधले कागद पुष्कळ चांगले राहिले होते. तिसऱ्यांदा पुरलेला भाग अजून मिळालेला नाही. जे मिळालं ते पस्तीस हजार पानांच्या आसपास आहे. 1999 साली युनेस्कोने त्याची जागतिक ठेवा म्हणून नोंद केली.

आता शिक्षकांनी, आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या आपण सगळ्यांनी, एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या माहितीपटात दोन तऱ्हेची दृश्यं आहेत. काही आज नटांनी करून दाखवलेली, काही त्या काळची खरी. मुलांना हे आधी सांगावं आणि मधूनमधून विचारावं, हे खरं की केलेलं? आमच्याकडच्या मुलांना हा खेळच वाटला आणि ती बारकाईने बघायला लागली. मग पुढचा प्रश्न टाकायचा. हे खरं चित्रण केलं कुणी? कॅमेरा कुणाच्या हातात होता?

उत्तर ऐकून मुलं चमकतात. घेट्टोची जी हलती चित्रं आज मिळतात, त्यातली बहुतेक जर्मनांनी घेतलेली आहेत. मे 1942 मध्ये त्यांचं एक पथक वॉर्साच्या घेट्टोत आलं होतं आणि महिनाभर चित्रीकरण करत होतं. ही फिल्म पूर्ण झाली नाही. तिची रिळं युद्धानंतर एका संग्रहात मिळाली आणि लोक कितीतरी वर्षं ती खरी म्हणून बघत होते. पुढे 1998 मध्ये आणखी एक रीळ सापडलं, कापून टाकलेल्या तुकड्यांचं. त्यात दिसतं की एकच दृश्य पुन्हा पुन्हा घेतलं आहे. चांगल्या कपड्यातल्या माणसांना सांगून उपाशी पोरांच्या बाजूने न बघता चालायला लावलं आहे. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हे लोक असेच, आपल्याच माणसांची दया नसलेले. याएल हेर्सोन्स्की या दिग्दर्शिकेने 2010 मध्ये 'अ फिल्म अनफिनिश्ड' या माहितीपटात हे उघड केलं. त्यात प्रेतं आहेत, फार भयंकर दृश्यं आहेत. तो मुलांना दाखवू नये. शिक्षकांनी स्वतः बघावा.

आमच्या मते सगळ्या कार्यक्रमात हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे. एकीकडे कॅमेरे, दिवे, पैसा, सत्ता आणि खोटं. दुसरीकडे पेन्सिल, पाठकोरा कागद आणि दुधाचे कॅन. मोबाइलवर हिटलरचं भाषण बघणाऱ्या मुलाला आम्ही विचारलं, तू बघतोस ते चित्रीकरण कुणी केलं? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "त्याच्याच माणसांनी." पुढे आम्हाला काही बोलावं लागलं नाही.

बंदुकीने लढणारेही होते, ते सांगायचं राहू नये. 19 एप्रिल 1943 ला जर्मन फौज उरलेला घेट्टो रिकामा करायला आली तेव्हा सातशेच्या आसपास तरुण-तरुणींनी पिस्तुलं आणि घरी बनवलेले बॉम्ब घेऊन तोंड दिलं. त्यांचा म्होरक्या मोर्देखाय आनिएलेविच फक्त चोवीस वर्षांचा होता. जिंकणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. जर्मनांनी घरं एकेक करून जाळली, तरी जवळजवळ महिना लागला. ट्रेब्लिंकात ऑगस्ट 1943 मध्ये आणि सोबिबोरमध्ये त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला कैद्यांनीच उठाव केला. सोबिबोरमधून तीनशेच्या आसपास माणसं पळाली, युद्धाच्या शेवटी त्यातली पन्नासच्या आसपास जिवंत होती.

यात मुली किती होत्या ते मुलींना जरूर सांगा. भिंतीपलीकडे निरोप, पैसे, हत्यारं नेणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्याला कारण होतं. पुरुषांची सुंता झालेली असे, पकडलं की लगेच ओळख पटे. मुलींची तशी ओळख पटत नसे, आणि पुष्कळ मुली पोलिश शाळेत शिकल्यामुळे बोलण्यावरूनही सापडत नसत. अशीच एक व्लादका मीड. खोट्या नावाने बाहेर राहून तिने घेट्टोत डायनामाइट पोचवलं. ती वाचली, अमेरिकेला गेली, आणि 1980 च्या दशकात तिने तिथल्या शाळाशिक्षकांची शिबिरं सुरू केली, याच विषयावर, ज्यूंचा विरोध मुलांना कसा शिकवायचा यावर. शिक्षकांना ती पोलंडला घेऊन जायची. आम्हाला ती डायनामाइटएवढीच या शिबिरांसाठी मोठी वाटते.

आणि आउश्वित्झच्या चौघी. आला गेर्टनर, एस्तेर वाइचब्लुम, रेगिना साफिरश्टाइन आणि रोझा रोबोता. पहिल्या तिघी कैदी म्हणून दारूगोळ्याच्या कारखान्यात राबायच्या. चिमूट चिमूट दारू चिंधीत बांधून, कपड्यात लपवून बाहेर काढायची, आपण पदराच्या गाठीला पैसे बांधतो तशी. रोझा ती पुढे पोचवायची. कित्येक महिने हे चाललं. 7 ऑक्टोबर 1944 ला प्रेतं जाळायच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या कैद्यांनी उठाव केला आणि एक भट्टीघर निकामी झालं. छळ करूनही रोझाने आपल्या साथीदारांची नावं सांगितली नाहीत. 6 जानेवारी 1945 ला चौघींना फाशी दिली. तीनच आठवड्यांनी, 27 जानेवारीला, रशियन सैन्य तिथे पोचलं. 27 जानेवारी आता जगभर या संहाराचा स्मृतिदिन पाळतात. आपल्या शाळांत आदल्या दिवशी झेंडावंदन असतं. त्या आठवड्यात हा कार्यक्रम ठेवता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. शौर्य सांगताना असं व्हायला नको की जे लढले नाहीत ते मुलांना भित्रे वाटतील. पोराचा हात धरून त्याच्याबरोबर गाडीत चढलेली आई भित्री नव्हती. म्हणून सिनेमा दाखवताना आम्ही बंदूक शेवटी ठेवतो. आधी शाळा, सूप, दफ्तर.

आता कार्यक्रमाच्या गोष्टी. नववीच्या खालच्या मुलांना बसवू नका. माहितीपटात इंग्रजी आणि यिद्दिश आहे, त्यामुळे शिक्षकांनी आधी दोनदा बघून कुठे थांबवायचं ते लिहून ठेवावं आणि तिथे मराठीत सांगावं. आम्ही तो दोन दिवसांत दाखवला, रोज पाऊण तास. तू ज्यू हो, तू शिपाई हो, असली नाटकं मुलांकडून करून घेऊ नका. त्यात एकाला मारायची गंमत वाटते आणि दुसरा रात्री झोपत नाही. "तू असतास तर काय केलं असतंस" हेही विचारू नका. पोट भरलेल्या माणसाला ते सांगता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक मुलाला एक कागद द्या आणि सांगा, आपल्या गावाच्या आजच्या दिवसाचं दफ्तर लिही, खरं तेवढंच. आमच्याकडे एका मुलीने पाण्याच्या टँकरची वेळ आणि रांगेतल्या बायकांची संख्या लिहिली. एकाने आजोबांच्या औषधाची चिठ्ठी चिकटवली.

कार्यक्रम सकाळी ठेवा, संध्याकाळी नको. संपल्यावर मुलांना लगेच घरी पाठवू नका. अर्धा तास बसू द्या, काहीतरी खायला द्या. आमच्या गटाने पोहे केले होते. खाता खाता मुलं बोलायला लागतात, आणि खरे प्रश्न तेव्हाच येतात. त्या वेळी शिक्षक तिथे हवेत, आणि एक-दोन आयाही.